सेरेमोनियल मॅजिक शिकायचंय? आधी एक वही आणा

या विषयात माझी पहिली मोठी चूक झाली ती गच्चीवर. पुस्तकात नऊ फुटांचं वर्तुळ आखायला सांगितलं होतं. खोलीत तेवढी जागा नव्हती, म्हणून साताऱ्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर रात्री रांगोळीने ते आखलं, कडेने पुस्तकातली अक्षरं काढली, चार दिशांना चार पणत्या लावल्या. अर्धा तास बसलो आणि सगळं तसंच ठेवून खाली येऊन झोपलो. सकाळी शेजारच्या काकू कुरडया वाळत घालायला वर गेल्या. त्यांचा नातू चार दिवस तापाने फणफणला होता. अनोळखी अक्षरांचं वर्तुळ आणि विझलेल्या पणत्या बघून त्यांच्या मनात एकच शब्द आला: करणी. दुपारपर्यंत नातवाचं औषध बंद करून त्याला देवऋषाकडे न्यायचं घरात ठरलंसुद्धा होतं.

मला संध्याकाळी कळलं. तसाच गेलो, पुस्तक दाखवलं, वर्तुळ मीच काढलं हे सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. औषध पुन्हा सुरू झालं, पोरगं बरं झालं. पण काकूंच्या चेहऱ्यावरची ती भीती मी विसरलेलो नाही. माझ्या विधीने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, माझ्या निष्काळजीपणाने मात्र एका आजारी मुलाचं औषध थांबवलं होतं.

हल्ली कॉलेजातली मुलंमुली मला या विषयाबद्दल विचारतात. मोबाईलवर त्यांनी काळे झगे, मेणबत्त्या, हिब्रू अक्षरं असं बरंच पाहिलेलं असतं. ‘काका, सुरुवात कुठनं करायची?’ त्यांना जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

हे आहे तरी काय

सेरेमोनियल मॅजिकला मराठीत रुळलेला शब्द नाही. जादू म्हटलं की आपल्याला एक तर रंगमंचावरची हातचलाखी आठवते, नाही तर जादूटोणा. इथे दोन्ही अर्थ उपयोगाचे नाहीत. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेले शब्द, हालचाली आणि चिन्हं यांच्या आधाराने मनाला एका अवस्थेपर्यंत नेण्याची ही युरोपात घडलेली साधना आहे. मी तिला विधिसाधना म्हणतो.

तिची मुळं जुनी आहेत. बायबलमधल्या राजा सॉलोमनच्या नावावर चालणारी विधींची हस्तलिखितं युरोपात कित्येक पिढ्या हातोहात फिरत होती. जर्मन विद्वान आग्रिप्पा याने हे पसरलेलं ज्ञान तीन भागांच्या ग्रंथात बांधलं, तो ग्रंथ १५३३ मध्ये पूर्ण छापून झाला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला गणिती जॉन डी देवदूतांशी झालेल्या संवादांच्या तपशीलवार नोंदी ठेवत असे. पण आजचा नवखा माणूस जे शिकतो त्यातलं बहुतेक सगळं एका मंडळातून आलं आहे: १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’. विल्यम विन वेस्टकॉट, मॅकग्रेगर मॅथर्स आणि विल्यम वुडमन हे तिघे संस्थापक, तिघेही फ्रीमेसन, म्हणजे फ्रीमेसनरी या बंदिस्त बंधुमंडळाचे सभासद. त्यांनी कबाला ही ज्यू गूढविद्या, ज्योतिष, टॅरोचे पत्ते, इजिप्तच्या देवता हे सगळं एका अभ्यासक्रमात बसवलं, पायऱ्या पाडल्या, परीक्षा ठेवल्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश दिला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आयरिश कवी येट्स १८९० मध्ये या मंडळात आला.

१९०० च्या सुमारास मंडळ भांडणांत फुटलं. पुढे १९३७ ते १९४० या काळात याच परंपरेतले इझ्रायल रिगार्डी यांनी मंडळाचे विधी चार खंडांत छापले. हे साल लक्षात ठेवा. ‘गुप्त दीक्षा घेतल्याशिवाय यातलं काही मिळत नाही’ असं सांगून कुणी ऑनलाइन पैसे मागत असेल, तर जे तो विकतो आहे ते ऐंशीहून अधिक वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध आहे. मी स्वतः अशा एका दीक्षेसाठी पैसे भरले होते. हाती आली ती छापील पुस्तकातली काही पानं, तीही चुकांसकट टाइप केलेली.

सांगाडा आपल्या ओळखीचा

मराठी घरात वाढलेल्याला विधीचा सांगाडा समजावून सांगावा लागत नाही. सत्यनारायणाला गुरुजी आले की थेट देवावर फूल वाहत नाहीत. आधी आचमन. मग देश-काळ उच्चारून संकल्प: मी अमुक गोत्राचा, अमुक तिथीला, अमुक ठिकाणी, अमुक हेतूने हे करतो आहे. मग ‘अपसर्पन्तु ते भूताः’ म्हणत जागा मोकळी करायची, न्यासात शरीराच्या एकेका भागाला स्पर्श करायचा, दिग्बंध करायचा. त्यानंतर आवाहन. सगळं झाल्यावर ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणत अक्षता वाहून विसर्जन.

लंडनच्या मंडळाचा कुठलाही मोठा विधी उघडा, क्रम जवळजवळ हाच दिसेल. शुद्धी, हेतूचा उच्चार, नको ते बाजूला सारणं, दिशा बांधणं, आवाहन, मुख्य काम, निरोप. यावरून कुणी कुणाचं उचललं असले वाद दोन्ही बाजूंनी घातले जातात. त्यांच्या नादाला लागू नका. रोजच्या धबडग्यातून उठून वेगळ्या कामाला बसायचं तर माणसाला एक उंबरा ओलांडावा लागतो, मला त्यातून एवढंच दिसतं. सांगलीच्या मुलांना मी नाटकाचं उदाहरण देतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. भाव्यांच्या खेळांत कथेआधी गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येत, सूत्रधार त्यांचं स्तवन करी, मग आख्यान. आजही तिसरी घंटा झाली की नाट्यगृहातली कुजबुज आपोआप थांबते. नट तोच, खुर्च्या त्याच, पण घंटेच्या अलीकडची आणि पलीकडची वेळ एक नसते.

नवखी मंडळी उंबरा ओलांडून आत जायला शिकतात आणि बाहेर यायला विसरतात. विसर्जन गाळलेला विधी अर्धाच राहतो. मन त्याच तारेत राहतं, झोप उडते, दुसऱ्या दिवशी माणूस चिडचिडा होतो. गच्चीवर मी हेच केलं होतं. वर्तुळ पुसणं, पणत्या उचलणं, ‘झालं’ असं मोठ्याने म्हणणं, हात धुणं, काहीतरी खाणं, हे सगळं विधीचाच भाग आहे.

पहिला विधी कोणता

एकच. ‘लेसर बॅनिशिंग रिच्युअल ऑफ द पेंटाग्राम’, म्हणजे पंचकोनी ताऱ्याचा छोटा निवारणविधी. गोल्डन डॉनमध्ये प्रवेश घेणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच तो शिकवत. दहा मिनिटं पुरतात. साहित्य काहीच लागत नाही. खंजीर, काठी, झगा, पितळी चकती यांच्या मागे लागू नका, उजव्या हाताची तर्जनी पुरते.

पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. कपाळाला स्पर्श करून ‘आताह’, हात खाली छातीशी आणून ‘मलखुत’, उजव्या खांद्याला ‘वे-गेवुरा’, डाव्या खांद्याला ‘वे-गेदुला’, मग दोन्ही हात छातीवर जोडून ‘ले-ओलाम, आमेन’. शब्द हिब्रू आहेत. तुझंच राज्य, सामर्थ्य आणि महिमा, सदासर्वकाळ, असा त्यांचा भाव. मग समोर हवेत पाच टोकांचा तारा काढायचा, डावीकडच्या खालच्या टोकापासून वर शेंड्याकडे, हात न उचलता. ताऱ्याच्या मध्यावर बोट रोखून ईश्वराचं एक नाव उच्चारायचं. पूर्वेला योद-हे-वाव-हे ही चार अक्षरं, दक्षिणेला अदोनाय, पश्चिमेला एहेये, उत्तरेला आग्ला. फिरायचं प्रदक्षिणेच्या दिशेने, आणि बोटाने ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत हवेत रेघ ओढत पुन्हा पूर्वेला येऊन वर्तुळ पुरं करायचं. हात पसरून म्हणायचं: माझ्यापुढे रफाएल, मागे गाब्रिएल, उजवीकडे मिखाएल, डावीकडे उरिएल, माझ्याभोवती ताऱ्यांच्या ज्वाळा, आणि मध्यस्तंभात सहा किरणांचा तारा. शेवटी सुरुवातीचे स्पर्श पुन्हा.

वाचताना हे परकं वाटतं. पण तिन्हीसांजेला देवापुढे बसून रामरक्षा म्हटलेली असेल तर आठवून बघा. ‘शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः’. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर एकेक नाव ठेवत जायचं. ते कवच आहे. या विधीत देहाऐवजी दिशांवर नावं ठेवली जातात, आणि सुरुवातीचे स्पर्श म्हणजे एक छोटा न्यास. आजीने रामरक्षा शिकवताना ‘घाई करू नको, अर्थ मनात आण’ म्हटलं असेल, तर या विधीचा अर्धा धडा तुमचा तिथेच झाला आहे.

नावं नुसती म्हणायची नाहीत, घुमवायची. ॐकार करताना ‘म’ टाळूत आणि छातीत घुमतो तसं, एका उच्छ्वासाला एक नाव. मोठा आवाज लागत नाही. वाड्याच्या भिंती पातळ असतील तर ओठ मिटून, श्वासात घुमवा. मी दोन वर्षं तसंच केलं.

ही नावं ज्यू लोकांच्या प्रार्थनेतली आहेत आणि त्यांच्यासाठी ती आजही जिवंत, पवित्र आहेत. चार अक्षरांचं नाव तर ते उच्चारतही नाहीत. आपल्या कोकणात शतकानुशतकं राहिलेला बेने इस्रायल समाज घरात मराठी बोलतो. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्या समाजातलं कुणी शेजारी बसलेलं असताना जसा आदर ठेवाल, तेवढ्याच आदराने ही नावं तोंडात घ्या. आणि गोल्डन डॉनचा कबाला म्हणजे ज्यू परंपरेतला कबाला नव्हे, हेही ध्यानात असू द्या. दहा सफिरोत (ईश्वरी शक्तीची दहा रूपं) आणि बावीस वाटांच्या ‘जीवनवृक्षा’ची आकृती तिकडून आली, पण तिच्यावर टॅरो आणि ग्रह बसवणारे हात वेगळे.

दिशांपाशी आपली मुलं हमखास अडतात. या विधीत पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. आपल्याकडे अग्नी आग्नेयेला, वायू वायव्येला. पश्चिमेचा वरुण तेवढा दोन्हीकडे पाण्याशी जुळतो. ‘मग खरं कुठलं?’ दोन्ही आपापल्या घरात खरी आहेत. वास्तूची दिशा इकडे आणि हिब्रू नाव तिकडे अशी खिचडी पहिल्या वर्षात करू नका. मी केली होती. कुठली गोष्ट कशामुळे जाणवते आहे, हेच मग कळेनासं होतं.

होऱ्याचं गणित

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे हुबेहूब सापडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॉलोमनच्या पोथ्यांत प्रत्येक कामाला ‘ग्रहाचा तास’ सांगितलेला असतो. आपल्या पंचांगातला होरा तोच. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेक होरा फिरतो. रविवारी सूर्योदयाला पहिला होरा रवीचा. चोवीस होरे मोजत जा, पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, चंद्राचा येतो. म्हणून रविवारनंतर सोमवार. पुन्हा मोजा, मंगळ येतो. आठवड्याच्या वारांचा क्रम असा घडला आहे. वहीवर हे मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि मन प्रसन्न होतं.

पोथीतला तास घड्याळातला साठ मिनिटांचा नसतो. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा सारखे भाग करायचे. जूनमध्ये लंडनला असा एक तास सुमारे ८३ मिनिटांचा होतो, साताऱ्यात तेव्हा तो सुमारे ६६ मिनिटांचा असतो. इंग्रजी पुस्तकातलं तयार कोष्टक इथे जसंच्या तसं वापरलं तर चुकतं, ते यामुळे. अर्थात पहिल्या वर्षी होऱ्याची गरज नाही. रोज एकच वेळ पाळणं त्याहून अवघड आहे.

काय करू नये

सॉलोमनच्या नावाने चालणाऱ्या एका पोथीत बहात्तर आत्म्यांची यादी आहे, त्यांना बोलावून कामं सांगण्याचे विधी आहेत. व्हिडिओंमध्ये सर्वांत जास्त गाजावाजा तिचाच असतो. नवख्याने तिकडे जाऊ नये. रात्री एकट्याने भीती वाटेल असं काही दिवसेंदिवस मनात घोळवणं, त्यासाठी उपास आणि जागरण करणं याने मनाला इजा होते, आत्मे असोत वा नसोत. ॲलिस्टर क्राउली या इंग्रज लेखकाबद्दलही सांगून ठेवतो. तो १८९८ मध्ये गोल्डन डॉनमध्ये आला, प्रचंड लिहिलं, रोजनिशीचा आग्रह धरला. त्याची शिस्त घ्या. त्याची व्यसनं आणि माणसांशी वागण्याची तऱ्हा घेऊ नका.

अमावास्येला संगम माहुलीला किंवा स्मशानात जाऊन ‘बघू काय होतं’ म्हणणारी पोरं मला भेटतात. तिथे लोक आपली माणसं निरोप द्यायला आणतात. ती जागा तुमच्या उत्सुकतेसाठी नाही. तिठ्यावरचा उतारा उचलून आणणं, लिंबू-टाचण्यांशी खेळणं, कुणाच्या दारात चिन्ह काढणं, यातलं काही करायचं नाही. दुसऱ्याच्या मनात भीती उभी राहील अशी कुठलीच कृती या साधनेत बसत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. करणी-भानामतीच्या नावाने अमानुष कृत्यं करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून फसवणूक, अंगात शक्ती असल्याचं सांगून धाक घालणं, साप-कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखणं अशी कृत्यं त्यात गुन्हा ठरतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आपल्या खोलीत उभं राहून केलेली प्रार्थना किंवा ध्यान त्यात येत नाही. पण ‘मी तुमचं काम करून देतो’ म्हणत कुणाकडून पैसे घेतले, की तुम्ही उंबऱ्याच्या पलीकडे गेलात. मी हा कायदा मनापासून मानतो. काकूंच्या नातवाचं औषध थांबलं तो दिवस आठवला की तो का हवा होता हे मला कुणी सांगावं लागत नाही.

झोप उडाली, कुणी हाका मारतंय असं वाटू लागलं, घराबाहेर पडायची भीती वाटली, तर विधी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरकडे जा. आधीपासून मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर ती बंद करू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला येऊ नका. घरातल्यांपासून लपवूही नका. आईला एकदा समोर बसवून करून दाखवा. माझ्या आईने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, ‘अरे, ही तर प्रदक्षिणाच.’

वही

दाभोलकर विचारत तो प्रश्न, पुरावा काय, माझ्या वहीचाही पहिला प्रश्न आहे. शंभरपानी साधी वही पुरे. विधीआधी लिहायचं: तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, कधी आणि काय खाल्लं, मनःस्थिती, आजचा हेतू. विधीनंतर: किती वेळ लागला, मन किती वेळा आणि कुठे पळालं, अंगात काय जाणवलं. ‘दिव्य अनुभूती आली’ असं लिहू नका. ‘तळहात गरम झाले, डोळ्यांत पाणी आलं, शेजारी मिक्सर सुरू होता’ असं लिहा. आणि अपेक्षा आधी लिहा, नंतर नव्हे. आठवड्यात काहीतरी चांगलं घडेल, ही अपेक्षा कधीच खोटी ठरत नाही, म्हणून ती निरुपयोगी आहे.

पहिले तीन महिने मी आनंदात होतो, कारण पानोपान ‘विधीनंतर गाढ झोप’ लिहिलेलं होतं. मग एका रविवारी वही नीट वाचली. गाढ झोपेच्या बहुतेक रात्री मी संध्याकाळचा चहा घेतलेला नव्हता. चहा घेतलेल्या दिवशी विधी करूनही मी कूस बदलत पडलो होतो. वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून माझा या वहीवर विश्वास बसला. चहा बाजूला काढल्यावर जे उरलं ते थोडं होतं आणि खरं होतं: सुरुवातीच्या पानांवर मन सात-आठ वेळा पळाल्याच्या नोंदी आहेत, चौथ्या महिन्यात दोन-तीन. आजवर माझ्या वहीत असं एकही पान नाही ज्यावरून विधीने बाहेरची घटना बदलली असं मी कुणाला छातीठोकपणे सांगू शकेन. माझं लक्ष बदललं, हे मी पानं उघडून दाखवू शकतो.

गच्चीवरच्या रात्रीचीही नोंद तिथे आहे. ‘९.४० ते १०.१०. विधी पूर्ण. मन प्रसन्न.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या शाईत ‘पूर्ण नव्हता’ असं लिहिलेलं आहे, आणि त्याखाली सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ अशा औषधाच्या वेळा. काकूंच्या घरी पुढचे दोन दिवस ते औषध द्यायला मी जात होतो.